आमच्या विहिरीची परीक्षा

पस्तीस वर्षें मीं मुलांच्या परीक्षा घेतल्या. कोणाचा अभ्यास खरा आणि कोण नुसता गोड बोलून वेळ मारून नेतो, हें मला चेहऱ्यावरून कळतें, असा माझा समज होता. परंतु ज्या विहिरीचें पाणी मी जन्मापासून प्यालों, तिची परीक्षा घेण्याची बुद्धि मला सदुसष्टाव्या वर्षापर्यंत झाली नाहीं. आणि झाली तीही माझी मला झाली नाहीं, पुतणीनें ती करून दिली. ही हकीकत सांगण्यांत माझी स्वतःची थोडी नाचक्की आहे. तथापि ज्यांच्या परसांत अजून विहीर आहे, आणि ज्यांच्या घरांत माझ्यासारखा एखादा हट्टी वडीलधारा आहे, अशा कुटुंबांना तिचा उपयोग होईल, म्हणून संकोच सोडून लिहितों.

आमचें घर सांगवीचें. पवना आणि मुळा या दोन नद्या दापोडीजवळ एकमेकींस मिळतात. त्यापूर्वींच्या त्यांच्या बेचक्यांत हें गांव वसलें आहे. माझ्या लहानपणीं चहूंकडे शेतें होतीं. आज तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींतील एक दाट उपनगर आहे. आमच्या परसांतली विहीर पणजोबांनीं खोदविली. चार मीटर रुंद, बारा मीटर खोल, उतरावयास दगडी पायऱ्या. १९७२ च्या दुष्काळांत मी पंधरा वर्षांचा होतों. त्या उन्हाळ्यांत गांवांतल्या अनेक विहिरींचा तळ दिसूं लागला, परंतु आमच्या विहिरींत रोज पहांटे कमरेइतकें पाणी जमे. पहाटेपासून बायका घागरी घेऊन उभ्या असत, आणि माझी आजी कठड्याशीं उभी राहून म्हणे, "घेऊन जा ग बायांनो, ही आपली गंगा आहे." तें वाक्य माझ्या मनांत कोरलें गेलें. पुढें नळ आले, तरी देवाचें पाणी आणि माझें पिण्याचें पाणी विहिरीचेंच राहिलें.

२०१९ च्या अखेरीस आमच्या शहरांत नळाचें पाणी दिवसाआड येऊं लागलें. घरांत आम्ही लहानथोर चौदा माणसें. चार उन्हाळे कसेबसे निभावले. २०२४ च्या वैशाखांत मात्र घरांत पाण्यावरून वाद पेटला. धाकटे बंधू म्हणाले, विहीर बुजवून तेथें दोन गाड्या उभ्या करूं; पाण्याचा टँकर मागवितां येतो, जागा मागवितां येत नाहीं. माझ्या थोरल्या मुलाचें म्हणणें, तीनशें फूट बोअर घ्यावें, म्हणजे कटकट मिटली. मी म्हणालों, गंगेला हात लावूं देणार नाहीं.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, आणि या लेखाचें खरें कारण तीच आहे. धाकट्या सुनेचा मुलगा तेव्हां चार महिन्यांचा होता. बाळंतपणानंतर ती दीर्घकाळ आजारी पडल्यामुळें अंगावरचें दूध पुरत नसे, म्हणून डॉक्टरांनीं भुकटीचें दूध सांगितलें होतें. तें कालविण्यास विहिरीचेंच पाणी उकळून घ्यावें, असा मीं आग्रह धरला. ती हळूच म्हणाली, "मामंजी, नळाचें शुद्ध केलेलें पाणी घेतलें तर?" मी फटकन् बोललों, "या पाण्यावर चार पिढ्या वाढल्या. तुझ्या नळावर किती वाढल्या?" ती कांहीं बोलली नाहीं. खालीं मान घालून आंत गेली, आणि त्या दिवसापासून बाळाचें दूध विहिरीच्या पाण्यांत होऊं लागलें.

बंधूंची मुलगी भूशास्त्र शिकलेली. सुटीस घरीं आली असतां तिनें आम्हां तिघांचें म्हणणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "नानाकाका, बाबा, दादा आणि तुम्ही, तिघेही मापावांचून बोलतां. विहिरीला दोन प्रश्न विचारायचे असतात : तूं किती देतेस, आणि काय देतेस. पहिल्याचें उत्तर दोरीनें मिळतें, दुसऱ्याचें बाटलीनें. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याला गुण देतां येत नाहींत."

मी संस्कृताचा शिक्षक. मला राहवलें नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा अध्यायच भूजलावर लिहिला आहे. मनुष्याच्या देहांत जशा शिरा, तशा भूमींतही उंचसखल ठिकाणीं पाण्याच्या शिरा असतात. कोणत्या झाडाजवळ वारूळ असल्यास किती पुरुष खोलीवर पाणी लागेल, मध्यें कोणत्या रंगाची माती व कसला दगड लागेल, हें सारें त्यानें सांगून ठेविलें आहे. मीं तें तिला ऐकविलें. मला वाटलें, ती हंसेल. ती हंसली नाहीं. उलट म्हणाली, "काका, त्याच अध्यायांत असेंही आहे ना, कीं आकाशांतून पडणारें पाणी एकाच चवीचें असतें आणि जमिनीच्या गुणानें निराळें होतें? आणि गढूळ, खारट, दुर्गंधी पाण्यासाठीं विहिरींत नागरमोथा, वाळा, आवळा, निवळी घालायला सांगितलें आहे ना? म्हणजे विहिरीचें पाणी बिघडूं शकतें, हें वराहमिहिराला ठाऊक होतें. तुम्हांलाच मान्य नाहीं." माझा शास्त्राधार माझ्यावरच उलटला.

दुसऱ्या दिवशीं तिनें मला विहिरीच्या पायऱ्यांवर नेऊन बसविलें. साठ वर्षें मी त्या भिंतींकडे पाहत होतों, परंतु त्या वाचल्या नव्हत्या. वर हातभर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, मग मांजऱ्या खडक, ज्याच्या अंगांत वाटाण्याएवढीं भोकें आणि त्यांतील कित्येकांत पांढरे खडे भरलेले, आणि तळाशीं घट्ट काळा फत्तर, त्यांत बोटभर भेगा. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या भेगांतून लाव्हारस उसळून थरावर थर पसरला. आज तो सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यानें व्यापिला आहे. सह्याद्रीच्या पायऱ्या याच थरांच्या. लाव्हा निवतांना त्यांतील वायूचे बुडबुडे वर आले, म्हणून थराचा माथा सच्छिद्र. पोटांतला भाग सावकाश निवला, म्हणून तो घट्ट. पाणी राहतें तें मुरमांत, मांजऱ्यांत आणि भेगांत. अखंड फत्तरांत तें राहत नाहीं. नदीकाठच्या वाळूसारखा हा खडक उदार नाहीं. त्याच्या शंभर भागांतून हातीं लागण्याजोगें पाणी बहुधा एक ते तीन भागच असतें.

हें कळल्यावर दादाच्या तीनशें फुटांचा हिशेब तिनें सहज सांगितला. "खालच्या फत्तरांत भेग लागली तर पाणी, न लागली तर कोरडी भुकटी. आणि लागलेली भेग याच विहिरीच्या झऱ्याची निघाली, तर आपण उजव्या हातानें डाव्या हातांतलें काढून घेऊं." आम्हीं गल्लींतलीं बोअरें मोजलीं; अकरा भरलीं.

मग मोजणी झाली. पाऊण दिवस विहिरीस कोणीं हात लावावयाचा नाहीं, असा दंडक घातला. पहांटे टेप सोडून पाहिला तों पाणी जमिनीपासून नऊ मीटरांवर. पंप लावून तें साठ सेंटिमीटर उतरविलें, पंप बंद केला, आणि दर तासास चढ लिहूं लागलों. चार मीटर रुंदीची विहीर, म्हणजे पाण्याचें तोंड साडेबारा चौरस मीटर. पाणी एक सेंटिमीटर चढलें म्हणजे सव्वाशें लिटर आलें. पहिल्या तासांत पांच सेंटिमीटर चढलें, पुढें चढ मंदावला, आणि दुसऱ्या पहांटेपर्यंत एकूण चाळीस झालें. म्हणजे ऐन वैशाखांत अहोरात्रांत पांच हजार लिटर! शहरांत माणशीं रोज १३५ लिटर हें प्रमाण धरतात. त्या मानानें आम्हां चौदा जणांची गरज १,८९० लिटर. गरजेच्या अडीचपट पाणी! मी दिग्विजयी मुद्रेनें बंधूंकडे पाहिलें.

पुतणी म्हणाली, "काका, थांबा. हें एका दिवसाचें उत्पन्न झालें. वर्षाची शिल्लक निराळी." विहिरीच्या भिंतीवर ओलीची रेघ दिसते, तीवरून दसऱ्याच्या सुमारास पाणी तीन मीटरांवर असतें हें उघड होतें. तेथून वैशाखापर्यंत तें सहा मीटर उतरतें. ऐकावयास सहा मीटर पुष्कळ वाटतात. परंतु खडकांत पाण्याचा अंश शंभरांत दोन धरला, तर तें केवळ बारा सेंटिमीटर जाडीचें पाणी झालें. पावसाळ्यांत आपल्या अंगणांत वितीहून कमी पाणी तुंबावें, तेवढीच आमच्या गंगेची वर्षाची पुंजी. आणि तिच्यावर अकरा बोअरांचे हात. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षांतून चार वेळां ठरावीक विहिरींची पातळी मोजते, ती याच कारणासाठीं. एका दिवसाच्या भरलेपणावरून विहिरीचें शील ठरत नाहीं.

त्या संध्याकाळीं कठड्यावर बसलों असतां मला घारापुरी आठवली. नोकरींत असतांना मुलांची सहल घेऊन तेथें गेलों होतों. मुंबईच्या बंदरांतलें तें लहानसें बेट याच काळ्या खडकाचें. लेण्याशेजारीं खडकांत खोदलेलें पाण्याचें टाकें पाहून एका मुलानें विचारलें होतें, "गुरुजी, चारी बाजूंना एवढें पाणी, मग टाकें कशाला?" मीं तेव्हां त्याला खाऱ्या-गोड्या पाण्याचा भेद सांगून गप्प केलें. पुतणीला ही गोष्ट सांगितली, तेव्हां ती म्हणाली, "त्या मुलानें फार मोठा प्रश्न विचारला होता." बेटाच्या पोटांत मुरलेलें पावसाचें पाणी हलकें, समुद्राचें जड, म्हणून गोडें पाणी खाऱ्यावर तरंगतें. गायबेन व हर्झबर्ग या दोन शास्त्रज्ञांच्या नांवानें ओळखला जाणारा नियम असा, कीं समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर खालीं सुमारें चाळीस हात गोडें पाणी असतें. याचा अर्थ वरून एक हात उपसलें, कीं खालून हळूहळू चाळीस हात खारें वर सरकण्यास वाव मिळतो. बेटावरच्या माणसाला ही मर्यादा डोळ्यांनीं दिसते. चोहोंकडे समुद्र उभा असतो. आम्हां सांगवीकरांना ती दिसत नाहीं, कारण पवना धरणाचें पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून घरापर्यंत येतें.

"आणि काका," ती म्हणाली, "आपली विहीरही बेटच आहे. तिच्याभोंवतीं समुद्र नाहीं, इतकेंच." तिनें परसाच्या दक्षिण कोपऱ्याकडे पाहिलें. तेथें आमच्या जुन्या शौचकूपाचा शोषखड्डा होता. विहिरीपासून पंचवीस पावलें. मुरमांतून आणि भेगांतून जें पाणी विहिरीकडे येतें, त्याला कोणत्या खड्ड्यांतून आलास असें विचारणारा द्वारपाल तेथें नव्हता.

दुसऱ्या सकाळीं तिनें निर्जंतुक बाटलींत नमुना घेतला, बर्फांत ठेवून त्याच दिवशीं प्रयोगशाळेंत पोंचविला. आठवड्यानें कागद आला. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याचा कठिणपणा लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरें पाणीच नसल्यास ६०० पर्यंत चालवून घ्यावें, आमचा ४८०. विरघळलेले क्षार ५०० पर्यंत असावेत, आमचे ७८०. हें वाचून आमच्या घरांतून उद्गार निघाले, "दहा वर्षें सांगतें आहे, तुरीची डाळ विहिरीच्या पाण्यांत लवकर शिजत नाहीं आणि साबणाला फेस येत नाहीं. ऐकतंय कोण?" खरोखरच ती दहा वर्षें सांगत होती, आणि मी दहा वर्षें डाळीला दोष देत होतों. स्वयंपाकघरांत रोज होणारी परीक्षा मीं कधीं परीक्षा मानलीच नव्हती.

तेवढेंच असतें तर बरें झालें असतें. खालच्या ओळींत लिहिलें होतें : मलजन्य जंतु आढळले, मानक असें, कीं शंभर मिलिलिटरांत एकही नसावा. आणि त्याच्या खालीं : नायट्रेट ६२. मर्यादा ४५. पुतणीचा चेहरा उतरला. तिनें विचारलें, "काका, बाळाचें दूध कोणत्या पाण्यांत करतात?"

मी म्हणालों, "उकळून घेतात." माझ्या मतें तें उत्तर पूर्ण होतें.

ती म्हणाली, "उकळल्यानें जंतु मरतात. नायट्रेट मरत नाहीं. पाणी आटतें आणि तें थोडें अधिकच दाट होतें." सहा महिन्यांच्या आंतील बाळाच्या पोटांत त्याचें नायट्राइट होतें, रक्तांतला प्राणवायु वाहणारा अंश त्यामुळें निकामी होतो, आणि प्रमाण वाढलें तर अंग निळसर पडून जिवावर बेततें. मोठ्या माणसांना तेवढ्याच पाण्यानें सहसा कांहीं होत नाहीं. म्हणूनच चार पिढ्या वाढल्या हा माझा पुरावा पुरावाच नव्हता. त्या चार पिढ्यांची बाळें आईच्या दुधावर होतीं, आणि त्या काळीं विहिरीशेजारीं चौदा माणसांचा शोषखड्डाही नव्हता.

मी उठून आंत गेलों. बाळ पाळण्यांत हातपाय हालवीत होतें. ओंठ गुलाबी, नखें गुलाबी. तरीही मीं डॉक्टरांना बोलावून घेतलें. त्यांनीं तपासून सांगितलें, मुलास कांहीं झालेलें नाहीं, परंतु हें पाणी आजपासून बंद. तें ऐकतांना माझे पाय कांपत होते. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मीं धाकट्या सुनेला सर्वांसमक्ष म्हटलें, "सूनबाई, त्या दिवशीं तूं बरोबर होतीस. मीं तुला उत्तर दिलें नाहीं, तुझें तोंड बंद केलें. माझी चूक झाली." ती गडबडून उठून म्हणाली, "मामंजी, असें काय बोलतां!" आणि रडूं लागली. तेव्हां मला कळलें, कीं इतके दिवस ती प्रत्येक बाटली भीत भीत भरीत होती. घरांतील शांततेला मी संमति समजत होतों.

विपुल पाणी म्हणजे निर्मळ पाणी नव्हे, याचीं उदाहरणें मोठमोठ्या ठिकाणींही घडलीं आहेत. अमेरिकेच्या हवाई द्वीपांपैकीं ओआहू हें बेट आमच्यासारख्याच लाव्हाच्या खडकाचें, आणि त्याच्या पोटांतलें गोडें पाणी नामांकित. तेथें रेड हिल या डोंगरांत, जलसांठ्याच्या जेमतेम तीस मीटर वर, अमेरिकन आरमाराच्या इंधनाच्या टाक्या होत्या. २०२१ च्या नोव्हेंबरांत तेथलें इंधन आरमाराच्या पिण्याच्या विहिरींत उतरलें. होनोलुलू शहराच्या जलखात्याला जवळची आपली मोठी विहीर बंद ठेवावी लागली. पाणी तेवढेंच होतें. पिण्याजोगें राहिलें नव्हतें. इकडे २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागांत, नांदेड-किरकटवाडीकडे, गियाँ-बारे या मज्जारोगाचे रुग्ण एकाएकीं वाढले. कांहीं रुग्णांच्या तपासणींत दूषित अन्नपाण्यांतून येणारा कॅम्पिलोबॅक्टर जंतु सांपडला, आणि सर्वांचें लक्ष तेथील विहिरीच्या पाण्याकडे गेलें. तीं वृत्तें वाचतांना मला दरवेळीं आमचा पाळणा आठवे.

विहीर आम्हीं बुजविली नाहीं. बोअरही घेतलें नाहीं. पिण्यास व स्वयंपाकास नळाचें पाणी सांठवितों. धुणें, फरशी, शौचालय आणि झाडें यांसाठीं विहिरीचें. गरजेचा मोठा भाग तोच असल्यामुळें टँकर बंद झाला. शोषखड्डा उपसून बुजविला आणि सारें सांडपाणी गटारास जोडलें. छपराचें पाणी खडी, वाळू व कोळसा यांच्या गाळणींतून विहिरींत सोडलें. दीडशें चौरस मीटर छप्पर आणि सुमारें सातशें मिलिमीटर पाऊस; पांचांत एक भाग वायां गेला तरी ८४,००० लिटर होतात, म्हणजे आमच्या कुटुंबाचा दीड महिन्याचा सांठा. बंधूंची गाडी अजून रस्त्यावर उभी असते. त्यांनीं तें हंसून सोडून दिलें आहे.

देवाचें पाणी कोणतें, हा प्रश्न मला कांहीं दिवस छळीत होता. मनुस्मृतींत एक दृष्टान्त आहे : निवळीचें फळ पाणी निवळतें हें खरें, परंतु तिचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी स्वच्छ होत नाहीं. तो मीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविला. स्वतः मात्र विहिरीला गंगा म्हणून तिला गंगा झाली असें समजत बसलों. आजीच्या तोंडीं तो शब्द शोभला, कारण तिनें दुष्काळांत ती सर्वांना खुली केली होती. मीं त्या शब्दावर हक्क सांगितला, पण विहिरीची निगा राखली नाहीं. शोषखड्डा माझ्याच डोळ्यांदेखत खोदला गेला होता.

आतां पातळी मोजण्याचें काम धाकट्या सुनेकडे आहे. वर्षांतून चार वेळां ती टेप सोडते आणि आंकडा पंचांगाच्या मागल्या पानावर लिहिते. तिचा मुलगा कडेवरून वांकून पाहतो. २०२५ च्या मे महिन्यांत पुन्हां नमुना पाठविला. नायट्रेट ४९, जंतु कमी, पण आहेत. तिनें विचारलें, "मामंजी, शेरा काय लिहूं?" मी थोडा विचार करून म्हणालों, "प्रगति आहे. परंतु उत्तीर्ण नाहीं." तिनें तसेंच लिहिलें आणि खालीं पुढच्या परीक्षेची तारीख घातली.